तिसरी नक्कल

पाद्री ओर्दुन्यांचं पत्र या वर्षी
मासळीच्या वासासकट आलं.
दक्षिणेच्या बेटांवरून इथे लिमापर्यंत सात महिने.
कडा कुरतडलेल्या, मधली दोन पानं एकमेकांना चिकटलेली,
ती मी उकळत्या हंड्याच्या वाफेवर सोडवली.

माझं काम नकलेचं.
एका पत्राच्या तीन प्रती, तीन जहाजांसाठी.
एक बुडालं तर दुसरं, दुसरं लुटलं गेलं तर तिसरं.
काम देवाचं असलं तरी
समुद्राचा भरवसा नाही.

फादर रेक्टर आधी लाल शाईनं खुणा करतात.
हे घ्या : बाप्तिस्मे, दोनशे बारा.
क्रूस उंचावताच निवळलेलं वादळ.
मरताना मेरीमातेचं नाव घेणारी म्हातारी.
काय गाळायचं ते तोंडानं सांगत नाहीत.
समासात एक बारीक रेघ ओढतात,
मांजरानं नख लावावं तशी.

त्या रेघेशेजारी एक होडी होती,
तीन फळ्यांची, खिळा एक नाही,
वेलीनं शिवलेली.
टाक्याटाक्यातून पाणी आत.
वल्हवणारे सहा, पाणी उपसणारा एक.
उपसणारा म्हणजे पाद्री स्वतः.
‘दुसरा काही उपयोग नाही माझा’ असं लिहून
त्यांनी ‘उपयोग’ खोडला आहे
आणि वर पुन्हा ‘उपयोग’च लिहिला आहे.

लिंकोमान होता, सुकाणूवरचा.
त्यानं विचारलं, तुझ्या देवाला कुठला बटाटा आवडतो?
पाद्री हसले. तो हसला नाही.
त्याच्या आईला चाळीस बटाट्यांची नावं तोंडपाठ,
बाळंतिणीचा निराळा, आजाऱ्याचा निराळा,
आणि एक नुसता पाहुण्याला दाखवायचा.
पाद्रींनी अकरा लिहून घेतली. मग शाई गोठली.
खाली वेगळ्या काळ्या रंगात :
आमच्याकडे इतकी नावं फक्त पापांना.

शुक्रवारी समुद्रसिंहाचं मांस
मासा धरावं की जनावर?
हा प्रश्न रोमला आहे.
उत्तर यायला चार वर्षं.
तोवर खाल्लं, असं प्रामाणिकपणे लिहिलंय.

आणि ते चिकटलेलं पान.
शेवटच्या बेटावरची भाषा पाद्रींना येत नव्हती.
एकानं तिथल्या बोलीतून लिंकोमानच्या बोलीत सांगायचं,
लिंकोमाननं पाद्रींना.
‘पाप’ हा शब्द दोन तोंडांतून जाता जाता
‘थकवा’ होऊन पोचला.
एक बाई शेकोटीपाशी बसली, म्हणाली,
आहे, खूप आहे,
लाकडं आणल्यावर असतो, मूल गेल्यापासून असतो,
पहाटे जास्त.
पाद्रींना घोटाळा उशिरा कळला.
लिहितात : तोवर मी हात उचलला होता.
मी क्षमा करून टाकली. थकव्याची.
ती उठली तेव्हा तिला बरं वाटत होतं.
मी काय केलं, कुणी सांगेल का?

इथली लाल रेघ कागद फाटेपर्यंत ओढलेली.

पहिली नक्कल मी सांगितल्याबरहुकूम केली.
दुसरीही. अक्षर सुबक, समास स्वच्छ,
वादळ क्रूसाला भिऊन निवळलेलं.
पहिली पोचली की तिसरी कुणी फोडत नाही,
ती मोहोरेसकट कपाटात जाते
असं तिकडून आलेला एक जण सांगत होता.
तिसऱ्या नकलेत मी सगळं घेतलं.
होडी, उपसणं, खोडलेला ‘उपयोग’ खोडूनच,
अकरा नावं, मला उच्चारता न येणारी, अक्षरागणिक.
बाईचं नाव नव्हतं. जागा मोकळी सोडली.
कायाओ बंदरातल्या सगळ्यात संथ गलबतावर
काल ती चढली.

ता. क.
आज रात्री जेवणात बटाटा होता.
आचारी सेव्हिलचा. मी विचारलं,
याचं नाव काय?
तो म्हणाला, बटाटा.